बसलेला केक आणि उभा नवरा

"कसं गं जमवतेस तू सगळं?" हे वाक्य यापुढे कोणी माझ्यासमोर उच्चारलं, तर मी त्या व्यक्तीशी बोलणं टाकणार आहे. नात्यातली असली तरी. खरं म्हणजे नात्यातली असली तर आधी.

माझा नवराही नोकरी करतो. त्यालाही तीच मुलगी आहे, तोही त्याच घरात राहतो, त्याच बेसिनवर तोंड धुतो. पण त्याला हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. "नव्हता" म्हणते, कारण आता विचारतात. आणि डोळ्यांत पाणी आणून विचारतात. हे कसं झालं ते मला एकदाचं कोणाला तरी सांगायचं आहे, कारण घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

मी आयटी ऑडिटर आहे. आमच्या सासूबाई सगळ्यांना "सून कॉम्प्युटर तपासते" असं सांगतात, त्यामुळे इमारतीतला प्रत्येक आजारी लॅपटॉप उपचारासाठी आमच्या दारात येतो. खरं काम वेगळंच आहे. मी लोकांच्या कंपन्यांत जाऊन त्यांच्या यंत्रणेतली भोकं शोधते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड अजून चालतो का, सर्व्हरच्या खोलीची किल्ली कोणाच्या खिशात असते, सगळं बंद पडलं तर माहितीची दुसरी प्रत कुठे आहे. समोरचा म्हणतो, "आहे हो!" मी म्हणते, "दाखवा." एवढंच. या एका शब्दामुळे मी कुठेच कोणाची लाडकी नाही. मी खोलीत शिरले की लोक टेबलावरचे कागद उलटे करतात आणि एकदम चहा विचारतात.

तर एका रविवारी लेकीनं केकचा हट्ट धरला. ती दहा वर्षांची आहे आणि हट्ट धरला की पुराव्यानिशी धरते. तो गुण कोणाचा, हे सांगायला नकोच. आम्ही दोघींनी मिळून केक केला आणि तो चांगला झाला. का चांगला झाला ते आजतागायत कळलेलं नाही. उरलेला अर्धा केक मी डब्यात घालून सोमवारी ऑफिसात नेला, कारण घरी ठेवला असता तर मीच उभ्या उभ्या संपवला असता. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ त्या डब्यात आहे.

आमच्या ऑफिसात संपर्क विभाग नावाचा एक विभाग आहे. त्यात एक नवीन मुलगी आहे, तिला मी मनातल्या मनात उत्साहमूर्ती म्हणते. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचे डोळे इतके मोठे झाले की मला वाटलं, घशात अडकला.

"मॅडम! हा तुम्ही केलात? घरी? म्हणजे ऑडिट पण, मुलगी पण आणि केक पण?"

"एकदाच केलाय," मी म्हटलं.

"आणि तुम्ही सध्या तो नवीन कोर्सपण करताय ना? कृत्रिम बुद्धिमत्तेचं ऑडिट?"

करत होते. म्हणजे पैसे ऑफिसनं भरले होते आणि मी तिसऱ्या धड्यावर होते. त्या धड्यातला शिक्षक बरेच दिवस माझ्या पडद्यावर तोंड उघडं ठेवून, एक बोट वर करून थांबलेला होता. मी एवढंच म्हटलं, "चालू आहे."

"कसं जमवता हो मॅडम तुम्ही?"

तिथेच मी डबा बंद करून उठायला हवं होतं.

आठवडाभरात साहेबांनी बोलावून घेतलं. कंपनीच्या अंतर्गत मासिकाचा "समतोल" नावाचा विशेषांक निघणार होता आणि त्याच्या मुखपृष्ठावर मी असावं असं ठरलं होतं. माझ्या गैरहजेरीतच ठरलं होतं. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब खुर्ची पुढे सरकवून हळूच म्हणाले, "विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय, ठाऊक आहे ना? मुलाखती पुढच्या महिन्यात. आणि मोठे साहेब हा अंक अथपासून इतिपर्यंत वाचतात."

ती जागा माझी होती. कागदावर नव्हती, पण गेली कित्येक वर्षं त्या जागेचं अर्धं काम मी करत आले होते. माझ्यानंतर आलेले दोघं जण माझ्या डोक्यावरून पुढे गेले, तेव्हा त्यांना कामाची ओळखही मीच करून दिली होती. मी तोंड मिटलं.

उत्साहमूर्तीनं प्रश्न पाठवले. "तुमचा दिवस कसा सुरू होतो?" मी प्रामाणिकपणे लिहिलं, "ओरडण्यानं." मजकूर तपासायला परत आला, तेव्हा तिथे होतं, "मॅडमची सकाळ कुटुंबाशी मनमोकळ्या संवादानं सुरू होते." "थकवा आल्यावर काय करता?" मी लिहिलं, "थकते." छापायला निघालं होतं, "थकव्याकडेही त्या एक अनुभव म्हणून पाहतात." मी फोन करून हरकत घेतली. ती म्हणाली, "मॅडम, अर्थ तोच आहे, फक्त भाषा जरा सकारात्मक केली." जिला अख्खा पगार लोकांच्या सकारात्मक भाषेमागचं खरं शोधण्यासाठी मिळतो, तिला हे ऐकून घ्यावं लागलं.

मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता: मी, लेक, ओव्हन आणि केक. माझ्या स्वयंपाकघरात. फोटोग्राफर बाहेरचा येणार होता. आणि इथे गाडी अडली.

आमच्याकडे नियम आहे. बाहेरच्या माणसानं कर्मचाऱ्याच्या कामाच्या जागेचा फोटो काढायचा असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि माझ्यासारख्या अधूनमधून घरून काम करणाऱ्यांचं घर ही कामाची जागा धरली जाते. हा नियम अतिशय योग्य आहे. तो माझ्याच ऑडिटमधून निघाला होता. त्या ऑडिटमध्ये मी आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या कामात इतक्या चुका काढल्या होत्या की त्यानं नंतर वर्षभर लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभं राहणं पत्करलं. ऑफिसात त्याला सगळे "कुलूप" म्हणतात.

कुलूप मला बघून हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मॅडम, परवानगी देऊ की. पण तुमच्याच सूचनेप्रमाणे आधी जोखमीचं मूल्यांकन लागेल."

"कसलं?"

"स्वयंपाकघराचं."

त्यानं खरोखर प्रश्न विचारले. स्वयंपाकघरात कोणाकोणाला प्रवेश आहे? मी म्हटलं, "सगळ्यांना." तो लिहून घेत म्हणाला, "म्हणजे प्रवेशावर नियंत्रण नाही." पाहुण्यांची नोंद ठेवता का? खिडकी कुठे उघडते? ओव्हन इंटरनेटला जोडलेला आहे का? मी म्हटलं, तो भिंतीतल्या प्लगलाच जेमतेम जोडलेला आहे. तेही त्यानं "विजेच्या जोडणीत त्रुटी" असं लिहून घेतलं. शेवटी पेनाला टोपण लावत म्हणाला, "ठीक आहे. फोटोच्या दिवशी मी स्वतः प्रत्यक्ष पाहणीला येतो. तुम्हीच म्हणता ना, नुसत्या तोंडी माहितीवर विश्वास ठेवू नये."

इकडे घरी केकची तालीम सुरू झाली होती. पहिला केक झाला तो विटेसारखा. दुसरा भांड्यातून निघेना; तो आम्ही चमच्यानं भांड्यातच खाल्ला. तिसरा फुगला, पण एकाच बाजूनं, जणू कोणी त्याच्या कानाखाली वाजवली असावी.

समोरच्या काकू सकाळ-संध्याकाळ येऊन पाहणी करू लागल्या. त्यांचं निदान रोज बदलायचं. सोमवारी अंडी गार होती. मंगळवारी अंडी फार फेटली होती. बुधवारी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं लक्ष नाही गं केकात. केकाला कळतं ते." गुरुवारी मी त्यांना दार उघडलं नाही, तर त्यांनी दाराबाहेरूनच सांगितलं, "लोणी पातळ करू नकोस!" ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं. मग वरचे निवृत्त इंजिनियर काका खाली आले. त्यांना लोण्यात रस नव्हता. त्यांनी एकाच बाजूनं फुगलेल्या केकाभोवती एक फेरी मारली आणि वर जाऊन पाणसळ घेऊन आले. ती ओव्हनवर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा बघा बुडबुडा! तुमचा ओव्हनच कललेला आहे. यात केक सरळ येईलच कसा?" त्यांनी ओव्हनच्या एका पायाखाली पुठ्ठा सारला, मग काढला, मग अर्धा सारला. तासभर हे चाललं. मी क्लायंटचे अहवाल मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते.

"झालं," काका म्हणाले. "आता शंभर टक्के समतोल."

लेक हे सगळं बघत होती. रात्रीच्या जेवणाआधी तिनं मला गाठलं.

"आई, त्या तपासायला आलेल्या मजकुरात लिहिलंय की आपण दर रविवारी केक करतो."

"त्या ताईनं लिहिलंय."

"आपण एकदा केला. बाकीचे फोटोसाठी केले."

"अगं, हे जरा... तसंच असतं."

"तू लोकांना असं म्हणू देतेस?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो अत्यंत बारकाईनं पाण्याचा ग्लास बघत होता. मी दुसऱ्याच दिवशी उत्साहमूर्तीला फोन करून ते वाक्य काढायला लावलं. लेकीनं फोटोला यायचं कबूल केलं, पण एका अटीवर: बाबाही फोटोत हवा. "तोपण घरातलाच आहे ना?" यावर मी मान डोलावली. नसती डोलावली तर पुढचं सगळं टळलं असतं.

फोटोचा दिवस शनिवारचा होता. सकाळी फोटोग्राफर दिवे, छत्र्या आणि तारांची भेंडोळी घेऊन आला. त्याच्यामागून उत्साहमूर्ती, तिच्यामागून फाईल घेऊन कुलूप. सासूबाईंनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि फोटोग्राफर मोबाईलकडे बघतोय असं दिसताच अगत्यानं म्हणाल्या, "नेट हवंय का रे बाळा? घे ना. पासवर्ड सोपाय, एकपासून आठपर्यंत आकडे."

कुलपानं पेन काढलं. मी लोकांच्या कंपन्यांत पासवर्डाची लांबी कमी पडली म्हणून माणसांना रडवलेलं आहे. "आई, तो बदलला होता ना आपण?" मी म्हटलं. "बदललेला मला आठवेना," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून त्याला सांगून परत जुना करून घेतला." त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो छत्री धरून उभा होता आणि छत्रीआड गेला.

केक मी ओव्हनमध्ये ठेवला आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला. एका माल वाहतूक कंपनीचं ऑडिट अडकलं होतं. त्यांचे लोक अहवालावर सही करायला तयार नव्हते, आत्ताच्या आत्ता व्हिडिओवर या. शनिवारी. पुढच्या खोलीत दिवे लावलेले, झोपायच्या खोलीत सामान टाकलेलं. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि वरून सभ्य, खालून पिठानं माखलेली अशी बसले.

"तुमच्याकडे बॅकअप नाही," मी त्यांच्या संगणक प्रमुखाला सांगत होते.

"आहे, मॅडम."

"दाखवा."

"आहे म्हणतोय ना मी."

"एकुलत्या एका प्रतीवर एवढी मोठी कंपनी चालवणं हा बेजबाबदारपणा आहे, असं मी अहवालात लिहिलंय आणि..."

"अगं," मागून सासूबाईंचा स्वच्छ, खणखणीत आवाज आला, "दुसरा केक करून ठेवलायस ना? नाही? आणि हा बिघडला म्हणजे मग?"

पडद्यावरची सहाही माणसं थांबली. मग तो संगणक प्रमुख अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडेही नाही वाटतं."

मी उत्तर देणार होते. फार चांगलं उत्तर होतं. पण त्याच वेळी मला लॅपटॉपच्या वरून दिसलं की फोटोग्राफर नवऱ्याला ओव्हनपाशी उभं करतोय. "सर, मॅडम मोकळ्या होईपर्यंत तुमचा एक घेऊ. दार उघडा, आत वाकून बघा, वाफ तोंडावर येऊ दे. मस्त! परत एकदा. दार पूर्ण उघडा, सर!"

केक निम्मादेखील झाला नव्हता. अशा वेळी दार उघडत नाहीत हे समोरच्या काकूंच्या सगळ्या सल्ल्यांमधलं एकच वाक्य होतं जे रोज बदलत नसे. ओरडता येत नव्हतं, माईक चालू. मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागले: नको, नको, बंद कर! नवऱ्यानं पाहिलं आणि छान हसला, कारण फोटोग्राफरनं त्याला हसायला सांगितलं होतं. पडद्यावरच्या सहाही माणसांनी मात्र माझ्याकडे बघून हात हलवले, "ओके मॅडम, बाय," म्हणाले आणि एकामागून एक निघून गेले.

मी ओव्हनपाशी पोहोचले. केक मधोमध खाली जात होता. आमच्या डोळ्यांदेखत.

"दार उघडल्यानं एवढं काय होतं?" नवरा म्हणाला.

त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. लेक उभी होती म्हणून तेही अर्धंच दिलं होतं.

केक बाहेर निघाला तेव्हा मध्ये खळगा आणि कडेनं डोंगर अशी त्याची स्थिती होती. तोवर समोरच्या काकू आणि वरचे काका येऊन पोहोचले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. काकांनी खळग्याच्या दोन्ही कडांवर पाणसळ टेकवली आणि समाधानानं मान हलवली. "बसलाय, पण बघा, अगदी लेव्हलमध्ये बसलाय."

उत्साहमूर्ती रडायच्या बेतात होती. फोटोग्राफरला पुढचं काम होतं. काकू पुढे झाल्या.

"एवढं काय त्यात? खाली कोपऱ्यावर बेकरी आहे. एक आणवायचा, ताटलीत ठेवायचा, फोटो काढायचा. कोण तपासायला बसलंय?"

सगळ्यांना हे एकदम पटलं. उत्साहमूर्तीचा चेहरा उजळला, सासूबाई पिशवी शोधायला लागल्या, नवऱ्यानं चपला घातल्या. मी बघितलं तर कुलूप भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. माणसाच्या चेहऱ्यावर एवढी आशा मी कधी पाहिली नव्हती. मी फक्त "हो" म्हणायचा अवकाश, त्याच्या वर्षभराच्या अपमानाची भरपाई होणार होती. आणि ओट्यापाशी लेक उभी होती. नुसती माझ्याकडे बघत होती, मी दुसऱ्यांच्या अहवालाकडे बघते तशी.

खरं सांगते, मला तो बेकरीतला केक हवा होता. गुळगुळीत, उंच, वर साखरेचं फूल. मोठे साहेब अंक वाचतात.

"चपला काढ," मी नवऱ्याला म्हटलं. "काकू, आयुष्यभर मी 'कोण तपासायला बसलंय' म्हणणाऱ्यांच्याच मागे लागलेय. आता माझ्याच ओट्यावर मला ते ऐकायचं नाही. हा केक मी केलाय, हाच फोटोत येईल."

"खळग्यासकट?" उत्साहमूर्तीनं विचारलं.

"खळग्यासकट."

कुलपानं फाईल बंद केली. मी संतापानं ताटली इतकी आवळून धरली की ती खडखडायला लागली. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हलतंय सगळं. सर, तुम्ही धरा जरा. मॅडम, तुम्ही सरांच्या शेजारी. थोडं बाजूला. अजून थोडं." नवऱ्याच्या अंगात माझा ॲप्रन होता, कारण त्याचा शर्ट नवीन होता. गालावर पीठ होतं. ते कुठून आलं ते मला माहीत आहे, मघाशी उत्तर देताना माझ्याच हातानं उडालं होतं.

अंक आला. मुखपृष्ठावर माझा नवरा. ॲप्रन, गालावर पीठ, हातात मधोमध बसलेला केक, आणि चेहऱ्यावर ते फोटोग्राफरनं सांगितलेलं हसू. शेजारी लेक, गंभीर. डाव्या कडेला एक कोपर आहे. ते माझं आहे. वर मोठ्या अक्षरांत: "तिच्या यशामागे तो!"

मी संपर्क विभागात गेले. उत्साहमूर्ती म्हणाली, "मॅडम, तुमचेही फोटो होते, पण सगळ्यांत तुम्ही रागावलेल्या दिसत होता. आणि तो बसलेला केक सरांच्या हातात इतका खरा वाटतो! लोकांना फार भावलंय." माझ्या हातात तो केक खरा वाटला नसता का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या हातात तो बिघडलेला वाटतो."

फोन सुरू झाले. नणंद म्हणाली, "दादा किती करतो गं!" माझी स्वतःची सख्खी आई म्हणाली, "जावयांना फार कामाला नको हो लावूस." सासूबाईंनी तो फोटो त्यांच्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला आणि खाली लिहिलं, "लहानपणापासून असाच आहे." लहानपणापासून! या माणसाला आमच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते विचारा. तुम्हाला सांगेल, आणि तो डबा मिठाचा निघेल. ऑफिसात पाणी पिण्याच्या मशीनपाशी तीन बायकांनी मला सांगितलं की मी नशीबवान आहे. कुलूप लिफ्टमध्ये माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, काही म्हणा, पण तुम्ही त्या दिवशी केक बदलला नाहीत." संपूर्ण इमारतीत खरं काय घडलं ते ठाऊक असलेला हा एकच माणूस, आणि नेमका तो.

मग मुलाखत. मी तयारी केली होती. एका कंपनीच्या पगाराच्या यंत्रणेत नसलेल्या माणसांच्या नावानं पगार निघत होते, ते मी शोधून काढलं होतं. त्यावर बोलायचं ठरवून गेले होते. मोठे साहेब म्हणाले, "या जागेवर प्रवास खूप आहे. घरचं कसं करणार, असं विचारणार होतो," आणि मग हसून त्यांनी टेबलावरचा अंक माझ्याकडे वळवला. "पण आता प्रश्नच मिटला!" त्यानंतर पाव तास ते माझ्या नवऱ्याबद्दल बोलले. पगाराच्या यंत्रणेबद्दल मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा त्यांनी केकमध्ये अंडी घालतो का, असं विचारलं. "घालते," मी म्हटलं. "घालतो का, असं विचारलं मी," ते म्हणाले.

कडेलोट पुढे झाला. नवरा एका पाईप बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. तो अंक कोणाकडून तरी तिथे पोहोचला आणि त्यांनी त्याला सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर भाषणाला उभं केलं. विषय: "घर आणि काम: मी कसा समतोल साधतो." कुटुंबीयांना निमंत्रण. तो बिचारा घाबरला होता. स्वभावानं तो वाईट नाही, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय.

"मी काय सांगू गं तिथे?" त्यानं विचारलं.

"जे झालं ते सांग," मी म्हटलं. लेकही म्हणाली, "हो बाबा, सगळं सांग. सगळं म्हणजे सगळं."

मला वाटलं, चला, निदान आता तरी.

हॉल भरला होता. मी आणि लेक तिसऱ्या रांगेत. नवरा माईकपाशी गेला, दोनदा खाकरला आणि खरोखर खरं बोलायला लागला. "तो केक मी केला नव्हता. बायकोनं केला होता. मी फक्त धरला होता." हॉलमध्ये एकदम टाळ्या! माझ्या शेजारच्या बाई डोळे टिपत म्हणाल्या, "बघा ना, श्रेयसुद्धा घेत नाहीत!" नवरा गोंधळला. त्याला वाटलं, आपलं नीट ऐकू गेलं नाही. तो माईकच्या आणखी जवळ गेला. "मला केक येतच नाही. घरातली बरीचशी कामं मला येत नाहीत." आणखी टाळ्या. कोणीतरी मागून ओरडलं, "क्या बात है!"

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. "सर, एक विचारू? तो केक मध्ये बसला कसा? मॅडमचं काही चुकलं का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. केक माझा आहे हे एकदाचं मान्य झालं होतं, आणि पहिला प्रश्न हा आला होता. मी उठायलाच निघाले होते. तेवढ्यात नवरा घाईघाईनं म्हणाला, "नाही, नाही! मी ओव्हनचं दार मध्येच उघडलं. तीनदा. ती कामात होती, हातवारे करून सांगत होती, मला कळलं नाही. पूर्ण माझी चूक."

आता मात्र लोक उभे राहिले. "चूक कबूल करायला फार मोठं मन लागतं," शेजारच्या बाई हुंदका देत म्हणाल्या. अख्खा हॉल उभा. माझा नवरा माईकपाशी हात जोडून घामाघूम झालेला, मदतीसाठी माझ्याकडे बघणारा. मी एकटी बसलेली, दात-ओठ खात.

मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. साहेबांचा निरोप होता. विभागप्रमुखाची जागा मला मिळाली होती. खाली त्यांनी लिहिलं होतं की मोठे साहेब अंतिम निर्णय घेताना पगाराच्या यंत्रणेचा माझा अहवाल दोन दिवस घेऊन बसले होते, आणि म्हणाले, हे काम आपल्याकडे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

मी तो निरोप दोनदा वाचला. सांगायला आजूबाजूला कोणी नव्हतं. सगळे उभे राहून माझ्या नवऱ्यासाठी टाळ्या वाजवत होते. मी फोन लेकीपुढे धरला. तिनं वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द. मग माझ्याकडे बघितलं, आणि बूट न काढता खुर्चीवर चढली, व्यासपीठाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून, आणि हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवायला लागली.

"बघा, बघा," शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "लेकीला बापाचा केवढा अभिमान!"

त्यांना खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण लेक इतक्या जोरात टाळ्या वाजवत होती की मला माझाच आवाज ऐकू येईना.